काळ्या यादीतील कृषितज्ज्ञ

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधहून आलेले सुमारे लाखभर निर्वासित वसले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. घर गमावलेल्यांना नव्या राष्ट्राने असा आसरा दिला. त्याच सुमारास, देशासाठी घर सोडलेल्या एका मराठी क्रांतिकारकाला मात्र मायदेशी येण्यासाठी व्हिसा नाकारण्यात आला. ते डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

१८८४ साली वर्ध्यात जन्मलेल्या खानखोजे यांनी लोकमान्यांच्या प्रभावाखाली ऐन तारुण्यात देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेस पोहोचले. तेथे सैनिकी शिक्षण आणि शेतीशास्त्र या दोहोंचा अभ्यास केला. गदर चळवळीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर ते ब्रिटिश फौजांविरुद्ध लढले. सरकारने त्यांचे नाव काळ्या यादीत घातले, यात नवल काहीच नव्हते. सशस्त्र बंडखोराची नोंद कोणतीही राजवट ठेवणारच. १९१४ च्या सप्टेंबरात तर परदेशातून परतणाऱ्या हिंदी माणसालाही बंदरावरच अडकवून ठेवण्याचा अधिकार वटहुकुमाने सरकारने घेतला होता.

१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत गेले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मका व गव्हाच्या वाणांवर संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. बेल्जियन पत्नी, दोन मुली, प्रयोगशेती असा संसार तेथे रुजला. नागपूरची वाट मात्र बंदच राहिली.

१९४७ मध्ये ब्रिटिश गेले, यादी राहिली. ज्या राजवटीविरुद्ध बंड केले ती संपली, तरी त्या बंडाबद्दलचा संशय स्वतंत्र भारताच्या दप्तरातही जिवंत होता. नाव कोणी घातले हे कळत होते. ते कोणी, केव्हा आणि कोणत्या चौकशीनंतर काढायचे, याची तरतूद कोठेच नव्हती. सुरक्षेसाठी नोंद हवी, हे मान्य. पण नोंदलेल्या माणसाला आपली बाजू मांडण्याची जागाच नसेल, तर ती नोंद शिक्षाच ठरते, आणि तीही मुदतीविना.

ठाणे जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. जून २०२५ मध्ये मीरा रोड परिसरातून बांगलादेशी समजून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या मजुराला सीमेपार ढकलले गेले आणि तो भारतीय असल्याचे दिसून आल्यावर परत आणावे लागले. परकीयांच्या नोंदणीचा १९३९ चा कायदा त्याच वर्षी १ सप्टेंबरला इतिहासजमा झाला, त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

खानखोजे यांच्यावरील बंदी अखेर उठली. ते सहकुटुंब परतले, नागपुरात स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.