धर्मानंद कोसंबी : घर सोडलेल्या माणसाला कोणी सांभाळले?

४ जून हा आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा स्मृतिदिन. पालीचे पंडित, 'भगवान बुद्ध' या ग्रंथाचे लेखक, इतकी ओळख आपल्यापैकी बहुतेकांना असते. आज मात्र त्यांच्या पांडित्याबद्दल फारसे लिहायचे नाही. तेवीस वर्षांचा एक संसारी तरुण आतून हलतो, बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून घराबाहेर पडतो आणि तरीही वाया जात नाही, हे कसे घडले ते पाहायचे आहे.

हे लिहावेसे वाटण्याचे कारण साधे आहे. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत आपली इतकी विहारे आहेत, आणि त्यांत अधूनमधून एखादी आई येऊन बसते. मुलगा झोपत नाही, नोकरीवर जात नाही, दिवसभर धम्मावरच बोलतो किंवा अजिबात बोलत नाही, असे सांगते. आपण तिला काय सांगतो? कोणी म्हणते, भाग्यवान आहेस. कोणी म्हणते, डोक्यावर परिणाम झालाय. या दोन उत्तरांच्या मधली जागा आपल्याकडे रिकामीच असते.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी, सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. घरी नारळाची बागायत होती. शालेय शिक्षण जेमतेम. पंधराव्या वर्षाच्या आसपास बाळाबाईंशी लग्न झाले. शेतीची कामे करायची आणि मिळेल ते मराठी पुस्तक वाचायचे, असे दिवस चालले होते. मन कशातच रमत नव्हते. अशात 'बालबोध' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धचरित्रावरचा लेख वाचला. मुलांसाठी लिहिलेला तो छोटासा लेख या माणसाचे आयुष्य फिरवायला पुरेसा ठरला. बुद्ध नीट समजून घेतल्याशिवाय जगण्यात अर्थ नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. वडील गेल्यावर बांध उरला नाही, आणि १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मुलगी माणिक त्याच वर्षी जन्मली होती.

पालीत याला संवेग असा शब्द आहे. जगण्याचा पोकळपणा एकाएकी दिसतो आणि माणूस मुळापासून हादरतो, ती अवस्था. आपल्या परंपरेने तिला कधी रोग म्हटले नाही. पण नुसत्या संवेगावर माणूस तग धरू शकत नाही, हेही तिला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याच्या जोडीला पसाद हवा, म्हणजे मन निवून स्थिर होईल असा विश्वास. तो बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाच्या सोबतीतून मिळतो.

कोसंबींना अशी माणसे भेटत गेली. पुण्यात ते डॉ. रा. गो. भांडारकरांना भेटले. संस्कृत शिकायला काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवून गंगाधरशास्त्री तेलंगांच्या पाठशाळेत शिकले. अन्नछत्र ब्राह्मणांसाठी होते म्हणून ते तगले, ही गोष्ट आपण विसरू नये. त्याच काळात त्याच ओढीने निघालेल्या महार-मांगाच्या पोराला काशीत कोणी पानावर बसू दिले नसते. संकटात सापडलेल्या माणसाला आधार मिळतो की नाही हे या देशात जातीवर ठरत आले आहे, आणि कोसंबींच्या भाग्याचा काही भाग तरी त्यातूनच आलेला आहे.

१९०२ साली बौद्ध धर्म जिवंत पाहायला मिळेल या आशेने ते नेपाळला गेले आणि तिथली अवस्था पाहून खचले. एवढी पायपीट करून हाती काही लागले नव्हते. माणूस इथेच मोडू शकतो. पण बुद्धगयेत त्यांना सिंहलद्वीपाची वाट दाखवली गेली, कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीची मदत झाली, आणि ते कोलंबोला विद्योदय परिवेणात पोहोचले. तिथे हिक्कडुवे सुमंगल महास्थविर हे मोठे आचार्य होते. त्यांच्याजवळ ते पाली शिकले आणि श्रामणेर झाले. भूक, परक्या देशातले न मानवणारे जेवण, आजारपण हे सगळे मागे होतेच. पण आता दिवसाला वेळापत्रक होते, डोक्यावर आचार्य होते आणि हाताला काम होते. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी ध्यानसाधना केली, नंतर कुशीनगर, सारनाथ अशा ठिकाणी राहिले.

पुढे आयुष्यभर त्यांनी ज्या ग्रंथावर काम केले, तो बुद्धघोषांचा 'विसुद्धिमग्ग'. साधकाला हातात धरून कसे न्यावे हे त्यात तपशिलाने आले आहे. ध्यानाचे चाळीस विषय त्यात सांगितले आहेत, पण ते सरसकट कोणालाही द्यायचे नसतात. आधी माणसाचा स्वभाव पाहायचा. तो रागचरित आहे की द्वेषचरित, मोह, श्रद्धा, बुद्धी, वितर्क यांपैकी कशाचा जोर त्याच्यात आहे, हे ओळखून मग त्याला झेपेल तो विषय द्यायचा. विषय देणाऱ्याला तिथे कल्याणमित्र म्हटले आहे. हे सगळे मराठी माणसाला कळावे म्हणून कोसंबींनी 'समाधिमार्ग' हे छोटे पुस्तक लिहिले. आपल्याकडे शिबिराला माणूस पाठवताना त्याची झोप, त्याची औषधे, घरातले ताजे दुःख यांची चौकशी किती जण करतात? डॉक्टरकडे नेणे म्हणजे धम्मावर अविश्वास, असेही काहींना वाटते. विसुद्धिमग्ग वाचलेल्या माणसाला तसे वाटणार नाही.

आणि घरी? १८९९ ते १९०६ अशी जवळपास सात वर्षे बाळाबाई लहान मुलीला घेऊन वाट पाहत होत्या. कोसंबींच्या चरित्रात हा भाग दोन ओळींत उरकला जातो. मला तो सर्वांत जड वाटतो. १९०६ मध्ये कोसंबी कलकत्त्याला पाली शिकवू लागले आणि त्यानंतर संसारात परतले. मुलगा दामोदर, म्हणजे पुढे इतिहासकार म्हणून गाजलेले डी. डी. कोसंबी, १९०७ साली जन्मला. चीवर सोडून घरी परतणे याला त्यांनी पराभव मानल्याचे दिसत नाही.

मग बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना ५० रुपयांचे साहाय्य देऊ केले. अट इतकीच, की महाराष्ट्रात राहायचे आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचे. कलकत्त्याची चांगल्या पगाराची नोकरी सोडून कोसंबींनी हे पन्नास रुपये पत्करले. फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवले, हार्वर्डला विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी अनेकदा जाऊन आले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. १९३७ मध्ये परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. काशीच्या अन्नछत्रातून निघालेला माणूस गिरणी कामगारांत आणि अस्पृश्यांत येऊन राहिला.

'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडल्याची कथा ऐतिहासिक म्हणून मान्य केली नाही. सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्ताचा आधार घेऊन माणसांमधला कलह आणि हिंसा पाहून सिद्धार्थ हादरला, असे त्यांनी मांडले. बाबासाहेबांनीही पुढे आपल्या ग्रंथात ती पारंपरिक कथा नाकारली आणि रोहिणीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. म्हणजे सिद्धार्थाचा संवेगही केवळ खासगी नव्हता.

शेवटचा भाग लिहिताना हात थबकतो. म्हातारपणी आजाराने त्रासलेल्या कोसंबींनी अन्नत्याग करून देह ठेवायचे ठरवले. १९४६ मध्ये दोहरीघाट येथे त्यांनी उपवास सुरू केला. गांधीजींच्या आग्रहावरून तो सोडला, सेवाग्रामला आले, पण नंतर पुन्हा त्याच मार्गाने गेले. काही जण याला समाधिमरण म्हणून गौरवतात. मला ते जमत नाही. विनयात जीव घेण्याविरुद्धचा नियमच मुळी भिक्षूंनी देहाच्या किळसेतून प्राण गमावले त्या प्रसंगातून आला आहे, आणि कोसंबींना तो पाठ असणार. थकलेल्या, परावलंबी होण्याला भिणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आपण ओझे नाही, असे वाटायला काय लागते, हा प्रश्न त्यांच्या आदरासकट शिल्लक राहतो. गांधीजींनी निदान एकदा तरी त्यांना थांबवले होते.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे कोसंबींचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ गांधीजींनी पुढे केलेली योजना होती, ती पाली शिकण्यासाठी मुलांना श्रीलंकेला पाठवण्याची.