दादासाहेबांचे रिकामे दिवस

मुंबईत गिरगावातील एका तंबूत चित्रपट चालू होता. पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र हलतचालत होते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवीत होते. त्यांच्यात चाळिशीचे एक गृहस्थ बसले होते. डोळे पडद्यावर खिळलेले. मन मात्र केव्हाच गोकुळात आणि अयोध्येत जाऊन पोचले होते. येशूच्या जागी त्यांना श्रीकृष्ण दिसत होता, श्रीराम दिसत होता. हे १९११ च्या सुमाराचे दिवस. ते गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान होते. धुंडिराज मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकले. पुढे त्यांनी छायाचित्रे काढली, जादूचे प्रयोग केले, छापखाना नावारूपास आणला. परंतु भागीदारांशी पटेना, म्हणून तो भरभराटीचा धंदा त्यांनी सोडून दिला. घरी मुलेबाळे आणि हातांना काम नाही! ते दिवस पुष्कळांना वाया गेलेले वाटले असतील.

त्याच दिवसांत ते तंबूत जाऊन बसले. तेथील साऱ्यांनी तेच चित्र पाहिले. पण लहानपणी ऐकलेल्या पुराणकथा, छायाचित्रणाची कला आणि जादूगाराचा हात एवढी शिदोरी फाळक्यांच्याच जवळ होती. कामाच्या जुवातून सुटलेले मन भटकता भटकता ह्या शिदोरीपाशी आले, आणि आपल्या देवांची चित्रे आपणच का काढू नयेत, हा विचार त्यांना सुचला. वर्गात असे भटकणारे मन दिसले की गुरुजी टोकतात, आणि बहुधा ते योग्यच असते. फाळके मात्र त्या वेळी वर्गात नव्हते!

दुसऱ्या खेळास त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंनाही नेले. मग भटकणे संपले आणि कष्ट सुरू झाले. रोज तासन्‌तास चित्रपट पाहावेत, रात्री जागून प्रयोग करावेत, असा क्रम चालला. शेवटी दृष्टीच गेली! डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये फाळके लंडनला गेले आणि यंत्रसामग्रीची व्यवस्था करून परतले. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली. महिन्याभराची वाढ पडद्यावर क्षणांत झालेली पाहून सावकाराने कर्ज दिले.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला. तारामतीच्या कामास स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहातील साळुंके नावाच्या तरुणाने ते केले. सर्व मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत आणि रात्री फिल्मचे कामही पाहत.

पुढे पुन्हा भागीदारांशी मतभेद झाले. दादासाहेब चित्रपट सोडून काशीस गेले. तेथील निवांतपणात त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही काळाने ते परतले व पुन्हा चित्रपट करू लागले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.