दूर गेल्यावर दिसलेला देश : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे चरित्र शब्बाथशाळेत सांगताना आपण बहुधा केडगावापासून आरंभ करतो. मुक्तिसदन, दुष्काळातून आणलेल्या मुली, १९०५ चे संजीवन, पवित्र शास्त्राचे भाषांतर. १८८३ ते १८८९ ही वर्षे मात्र आपण घाईने ओलांडतो. त्या काळात रमाबाई देशाबाहेर होत्या. ज्यांची मुलेबाळे आज परदेशी नोकरीस आहेत, त्यांनी तरी हा भाग सावकाश वाचावा.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आजच्या कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे कारकळजवळच्या माळ गावचे. मुलूख कानडी, घरची बोली मराठी. आमच्या बेळगाव-निपाणीकडे माणूस कानडी की मराठी याचा वाद निघाला की मला या घराची आठवण येते. त्यांना तो प्रश्न कधी पडला असेल असे वाटत नाही. अनंतशास्त्र्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले व लक्ष्मीबाईंनी मुलीला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी हिंडले. दुष्काळात आईवडील व बहीण गेली. उरलेली दोघे, रमाबाई व भाऊ श्रीनिवास, चालत चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला, विवाह झाला, मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पती बिपिनबिहारी मेधावी यांनाही मृत्यूने नेले.

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला व 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. त्यात स्त्रियांच्या दुःस्थितीचा बराच दोष स्त्रियांच्याच अज्ञानावर आहे; त्यांनी शिकावे, टापटीप ठेवावी, असा सूर आहे. या पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा विलायतेच्या प्रवासास उपयोगी पडला. वैद्यकी शिकावी हा हेतू होता. पण कानाने नीट ऐकू येत नसल्यामुळे तो तडीस गेला नाही.

वांटेज येथील भगिनी-मठात त्या चिमुकल्या मनोरमेसह राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच करुण अंत झाला. त्या दुःखाच्या दिवसांतच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पण माझ्या मते खरा फरक पडला तो लंडनजवळच्या फुलहॅम येथे. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना त्या भगिनी मायेने जवळ घेत, सुधारण्यास वाव देत. हे कोणत्या आधारावर, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. शास्त्रे त्यांना मुखोद्गत होती. पण अशा स्त्रीशी असे वागणारा कोणी त्यांना त्यांत भेटला नव्हता. आपल्याकडची विधवा जे भोगते ते दैव नसून माणसांनी केलेला अन्याय आहे, ही जाणीव येथून पुढे त्यांच्या लिखाणात ठळक होते.

म्हणून इंग्लंड म्हणजे स्वर्ग, असे मात्र त्यांनी मानले नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, अशी हरकत बिशपांनी घेतली. रमाबाई संतापल्या. मायदेशी त्या पुरुषांनी भरलेल्या सभांतून बोलल्या होत्या. एवढ्या एका बाबतीत तरी त्यांना मागे टाकलेला देशच अधिक मोकळा दिसला! क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा प्रश्न होता. पांढरे लुगडे व शाकाहार त्यांनी सोडला नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. तो दिवस ११ मार्च १८८६. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई १८८८ च्या अखेरीपर्यंत तेथे राहिल्या. बालोद्यानाची शिक्षणपद्धती शिकल्या, गावोगाव व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १८८७ साली बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. इंग्रजांची सत्ता झुगारून उभे राहिलेले हे राष्ट्र त्यांना फार आवडले. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी प्रवासवृत्तात त्यांनी त्याची वाखाणणी केली. पण काळ्या लोकांना व मूळ रहिवाशांना गोरे कसे वागवितात, हेही झाकले नाही. परदेशातून परतलेले पुष्कळ लोक एक तर घरच्या प्रत्येक गोष्टीस नाक मुरडतात, नाही तर दूर राहून देशाचे गोडवे गातात. रमाबाईंनी दोन्ही टाळले, आणि त्याची किंमत मोजली.

११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीस बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. १८९३ साली मुलींना ख्रिस्ती केले जाते अशी ओरड झाली. रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. परदेशाहून आलेली बाई आपली राहिली नाही, असे पुष्कळांना वाटले. परंतु प्लेगच्या दिवसांत, १८९७ साली, सरकारी इस्पितळात स्त्रियांची होणारी आबाळ याच बाईने जाहीरपणे मांडली. गव्हर्नरास ते रुचले नाही. मिशनऱ्यांपुढे न वाकणारी मान सरकारपुढेही वाकली नाही.

केडगावची कथा वाचकांना ठाऊक आहे. पुढे कन्या मनोरमाबाईंच्या हातून गुलबर्ग्यासही शाळा उभी राहिली. मनोरमाबाई १९२१ साली वारल्या. रमाबाई इब्री व ग्रीक शिकून पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणीत होत्या, खेड्यातल्या बाईला समजावे म्हणून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. ते भाषांतर १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.