कै. रमाबाई रानडे

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा. अकराव्या वर्षी लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना शिकविले. घरातल्या बायकांनी फार बोल लावले, पण रमाबाईंनी पाटी सोडली नाही.

१९०१ साली वैधव्य आले. त्या दुःखातून उठून त्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले. तेथे बायका शिवण शिकल्या, शिक्षिका झाल्या. परक्या रोग्याची शुश्रूषा करणे तेव्हा कमीपणाचे वाटे. तरी ससून इस्पितळात त्यांनी बायका शिकण्यास पाठविल्या. कितीतरी विधवा स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. १९२४ साली रमाबाई वारल्या.

भगिनींनो, मी सातवीच शिकले. पण मला वाटते, आपल्या बुलढाण्याच्या लेकींना दागिन्याआधी एखादे कसब द्यावे. दागिना मोडावा लागतो, कसब जन्मभर पुरते.