डिलीट केलं की फाईल नाही, तिचं नाव पुसलं जातं. युनिक्स घडवणाऱ्या डेनिस रिचीची गोष्ट

५ ऑक्टोबर २०११ ला स्टीव्ह जॉब्स गेला आणि जगभर हळहळ झाली. आठवड्याभराने, १२ ऑक्टोबरला, न्यू जर्सीतल्या घरी सत्तर वर्षांचा एक माणूस मृतावस्थेत सापडला. त्याची बातमी फारशी कुठे झळकली नाही. पण आयफोन आणि मॅकची मुळं ज्या युनिक्समध्ये आहेत, ती घडवणाऱ्यांपैकी एक हाच होता. डेनिस रिची.

जन्म १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातला. वडील बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ. पोरगं हार्वर्डला फिजिक्स शिकलं, पीएचडीचा प्रबंधही लिहिला. पण बाइंडिंग केलेली प्रत जमा केली नाही म्हणून डिग्री हुकली, असं सांगतात. १९६७ मध्ये तोही बेल लॅब्समध्ये रुजू झाला.

१९६९ मध्ये केन थॉम्पसन, रड कॅनडे आणि रिची यांनी फळ्यावर एक फाईल सिस्टिम आखली. त्यात थॉम्पसनचा वाटा सगळ्यात मोठा, हे रिचीच सांगायचा.

तर विषय असा की, युनिक्समध्ये फोल्डर म्हणजे नुसती यादी. जुन्या युनिक्समध्ये एक नोंद १६ बाइटची: २ बाइट नंबरला, १४ नावाला. त्या नंबरला आयनोड नंबर म्हणतात. फाईलची खरी माहिती त्या आयनोडमध्ये, नाव मात्र यादीत. फाईल उडवली की यादीतल्या नोंदीचा नंबर शून्य होतो. शेवटचं नाव गेलं की मगच जागा मोकळी होते.

आता समजा, लिहिता लिहिता वीज गेली आणि नोंद बिघडली. नेहमीच्या कमांडने ती जात नाही. मग १९७९ च्या सातव्या आवृत्तीतलं क्लीआरआय हे हत्यार काढायचं, ते थेट आयनोडच कोरा करतं. पण यादीतली नोंद तशीच ठेवलीत तर मेलात! तोच नंबर उद्या नव्या फाईलला मिळतो आणि जुनं नाव गुपचूप तिच्याकडे बोट दाखवायला लागतं. कचरा समजून ते नाव पुसलं की चांगली फाईल उडते. आता नव्या फाईलचं नाव रिकाम्या आयनोडकडे बघत बसतं, म्हणजे पुन्हा तोच घोळ. म्हणून आधी डीचेक चालवून कुठल्या आयनोडमधला नावांचा आकडा यादीतल्या नोंदींशी जुळत नाही ते शोधायचं, नोंद काढायची, मग पुन्हा तपासायचं. पुढे ही सगळी कटकट एफएससीके नावाच्या एकाच प्रोग्रॅमने अंगावर घेतली.

दरम्यान रिचीने सी भाषा तयार केली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा तिच्यात नव्याने लिहिला गेला. १९८३ चं ट्युरिंग पारितोषिक त्याला थॉम्पसनसोबत मिळालं. २००७ मध्ये तो निवृत्त झाला. शेवटची वर्षं बर्कली हाइट्सच्या घरात एकट्यानेच गेली.

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरची वीज अचानक गेली आणि चालू होताना फाईल सिस्टिममध्ये गडबड आढळली, तर एफएससीके आजही डिस्क तपासायला बसतं. नावं आणि नंबर जुळतात का, हे त्याला अजूनही बघावं लागतं.