राजा अमानुल्लाखान

अफगाण आणि मराठे यांची गाठ पानिपतावर पडली आणि आमच्या स्मृतीत ती तेथेच थांबली. महादजी शिंदे यांनी त्या रणातून निसटताना पायावर घेतलेला घाव जन्मभर वागविला. तेव्हा ग्वाल्हेरकर मराठी वाचकाला काबूल-कंदाहार ही नावे अपरिचित असण्याचे कारण नाही. परंतु आपले त्या देशाविषयीचे ज्ञान अहमदशहा अब्दालीपाशी सुरू होते आणि बहुधा त्याच्यापाशीच संपते. हे ग्रंथालय बाल्यावस्थेत असताना मात्र दुसऱ्याच एका अफगाण राजाचे नाव हिंदुस्थानभर सुशिक्षितांच्या तोंडी होते. आज ते जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. त्याच्या देशावर गेल्या अर्धशतकात जे गुदरले, ते समजून घ्यावयाचे तर या राजाच्या चरित्रापासून आरंभ करणे बरे.

अमानुल्लाचा जन्म १८९२ साली काबूलजवळच्या पगमान येथे झाला. आजोबा अमीर अब्दुर रहमान याने १८८० ते १९०१ या काळात अत्यंत निर्दयपणे टोळ्यांचा बीमोड करून देश एका सत्तेखाली आणला होता. या सत्तेचा एक पाया लोखंडाचा होता, तर दुसरा चांदीचा. परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती सोपवावयाचा आणि त्याच्या मोबदल्यात कलकत्त्याच्या सरकारकडून तनखा घ्यावयाचा, असा हा करार होता. तो तनखा प्रथम वर्षाला बारा लाख रुपये होता. १८९३ मध्ये, ड्युरंड रेषा आखली गेली त्या वेळी, तो अठरा लाख झाला. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढील साऱ्या कथेचे मर्म त्यात आहे.

वडील अमीर हबीबुल्ला यांनी हाच क्रम पुढे चालविला. पहिल्या महायुद्धात जर्मन-तुर्की शिष्टमंडळ काबूलला आले, राजा महेंद्रप्रताप आणि बर्कतुल्ला यांनी १९१५ मध्ये तेथे स्वतंत्र हिंदुस्थानचे हंगामी सरकार स्थापन केले. तरीही अमिराने तटस्थता मोडली नाही. दरबारातील तरुण मंडळींना ते रुचले नव्हते. त्यांचा गुरू होता महमूद तर्झी. त्याचे घराणे अब्दुर रहमानने हद्दपार केल्यामुळे त्याची उमेदीची वर्षे दमास्कसमध्ये गेली होती. तुर्कस्तानातील सुधारणांचे वारे तो सोबत घेऊन आला आणि १९११ पासून त्याने ‘सिराज-उल-अखबार’ हे पत्र चालविले. आपल्याकडे अव्वल इंग्रजी अमदानीत ‘दर्पण’ आणि ‘प्रभाकर’ यांनी जे काम केले त्याच जातीचे हे काम. फक्त येथे लेखणीवर राजाची तलवार टांगलेली. तर्झीची कन्या सुरैया हिचा अमानुल्लाशी १९१३ साली विवाह झाला. सासऱ्याचे विचार आणि पत्नीचे सहचर्य यांनी हा राजपुत्र घडला.

फेब्रुवारी १९१९ मध्ये जलालाबादच्या बाजूस शिकारीला गेलेल्या अमिराचा रात्री तंबूत झोपेतच गोळी घालून खून झाला. मारेकरी कोण, याचा निर्विवाद उलगडा आजवर झालेला नाही. धाकटा भाऊ नसरुल्लाखान याने जलालाबादेत स्वतःला अमीर म्हणवून घेतले. परंतु काबूलचा कारभार, खजिना आणि शस्त्रागार अमानुल्लाच्या ताब्यात होते. त्याने सैनिकांचा पगार वाढविला आणि सैन्य त्याच्या बाजूस आले. चुलत्याला कैद झाली. पुढल्या वर्षी तो कैदेतच मरण पावला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा हा तरुण गादीवर आला तो असा. सैनिक पगाराने मिळतो, हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखले होते. दहा वर्षांत त्याचा त्याला विसर पडावा, याचे नवल वाटते.

गादीवर येताच त्याने पूर्ण स्वातंत्र्याची घोषणा केली आणि मे महिन्यात इंग्रजांशी युद्ध पुकारले. वेळ मोठी साधली होती. महायुद्धाने इंग्रज थकले होते आणि एप्रिलमध्ये जालियनवाला बागेतील हत्याकांडाने पंजाब पेटला होता. युद्ध जेमतेम महिनाभर चालले. खैबरकडे अफगाणांची पीछेहाट झाली. २४ मे रोजी एका इंग्रज विमानाने काबूलवर बाँब टाकले. दक्षिणेकडे मात्र नादिरखान या सेनापतीने सरहद्द ओलांडून थल येथील ठाण्याला वेढा घातला. त्या ठाण्याच्या सुटकेस धावून गेलेला इंग्रज अधिकारी म्हणजे अमृतसरचा तोच जनरल डायर. रणांगणावर कोणी जिंकले असे म्हणता येत नाही. पण ऑगस्टमध्ये रावळपिंडीस तह झाला आणि अफगाणिस्तानचा परराष्ट्र व्यवहार त्याच्या स्वतःच्या हाती आला. पराधीन आशियात या घटनेचे केवढे मोल होते, हे सांगावयास नको.

त्या तहाने तनखाही बंद झाला. स्वातंत्र्याचा जल्लोष सरल्यावर अठरा लाखांची उणीव भरून काढण्याचे काम शेतकऱ्यावर आले. पूर्वी धान्याच्या रूपाने दिला जाणारा सारा रोखीने वसूल होऊ लागला. ज्या खेड्यात नाणे क्वचितच दिसे, तेथे सावकार आणि वसुलीचा अंमलदार यांचे फावले. गादीवर येताना वाढविलेला शिपायाचा पगार पुढे कमी करण्यात आला. टोळीच्या मलिकाने आपल्या पसंतीचे जवान पाठवावयाचे हा जुना रिवाज मोडून, सोडत पद्धतीची भरती आली. मलिकांचा मान गेला आणि घराघरात धास्ती शिरली.

दुसरीकडे जे घडत होते ते खरोखर भव्य होते. १९२१ मध्ये काबूलला मुलींची पहिली शाळा निघाली. तिची धुरा राणी सुरैया आणि तिच्या आईने वाहिली. पाठोपाठ फ्रेंच आणि जर्मन शिक्षकांच्या शाळा उघडल्या. १९२३ साली देशाला पहिली राज्यघटना मिळाली, गुलामगिरी कायद्याने बंद झाली, बालविवाहावर निर्बंध आले. राजधानीच्या नैर्ऋत्येस दारुल अमान नावाच्या नव्या नगरीचा प्रासाद उभा राहू लागला. राजा स्वतः सभांतून बोलत असे आणि साध्या वेषात हिंडून कचेऱ्यांतील कारभार पाहत असे. आपल्या सयाजीरावांची आठवण येथे अनेकांना होईल. पण बडोद्याच्या महाराजांना बाह्य शत्रूची चिंता नव्हती. राज्याच्या संरक्षणाचा भार इंग्रज सरकारने घेतला होता. अमानुल्लाच्या पाठीशी असे कोणीच नव्हते, आणि त्याच्या प्रजेच्या घराघरांत बंदूक होती.

१९२४ मध्ये खोस्त प्रांतात मंगल टोळीने बंड केले. कुटुंबविषयक कायदा हे निमित्त आणि सैन्यभरती हे मूळ. बंड मोडावयास जवळजवळ वर्ष लागले. विमाने वापरावी लागली, काही सुधारणा मागे घ्याव्या लागल्या. हा इशारा पुरेसा होता. नादिरखानासारख्या अनुभवी सेनापतीशी याच काळात राजाचे बिनसले आणि तो वकील म्हणून पॅरिसला गेला. दरबारात होकार देणारेच उरले.

डिसेंबर १९२७ मध्ये राजा-राणी परदेशच्या प्रवासास निघाली. कराचीहून जहाजाने ती मुंबईस आली, तेव्हा मुंबईकरांनी हिंदु-मुसलमान असा भेद न पाहता त्यांचे स्वागत केले. एका स्वतंत्र आशियाई राजाला डोळे भरून पाहण्याचा योग त्या पिढीला दुर्मिळच होता. पुढे इजिप्त, इटली, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, रशिया, तुर्कस्तान आणि इराण असा सहा-सात महिन्यांचा दौरा झाला. केमाल पाशाचा तुर्कस्तान पाहून राजा भारावला. केमालच्या पाठीशी विजयी आणि शिस्तबद्ध फौज होती, ही गोष्ट मात्र त्याने नीट पारखली नाही.

१९२८ च्या उन्हाळ्यात परतल्यावर पगमान येथे लोया जिरगा, म्हणजे टोळ्यांच्या प्रतिनिधींची महासभा भरली. पागोटी आणि पायघोळ अंगरखे घालणाऱ्या त्या वृद्ध मलिकांना युरोपीय कोट आणि हॅट चढवून बसविण्यात आले. राणीने जाहीर समारंभात चेहऱ्यावरील पडदा दूर केला. मुलींची एक तुकडी शिक्षणासाठी तुर्कस्तानास रवाना झाली. शोरबाजारच्या हजरतांचे मुजद्दिदी घराणे १९१९ च्या युद्धात राजाच्या पाठीशी उभे होते. तेच आता विरोधकांचे अग्रणी झाले. मुलींच्या शाळा चूक होत्या असे मी म्हणणार नाही. हॅटची सक्ती मात्र पोरकट होती आणि ती महागात पडली.

नोव्हेंबरमध्ये जलालाबादेकडील शिनवारी टोळीने उठाव केला आणि तेथील राजवाडा जाळला. त्यांच्या मागण्यांत राणीचा त्याग करावा येथपासून कर कमी करावे येथपर्यंत सर्व काही होते. सैन्य तिकडे गुंतले असता उत्तरेकडून कलाकानचा हबीबुल्ला काबूलवर चालून आला. भिस्त्याचा मुलगा म्हणून तो बच्चा-ए-सक्काओ या नावाने ओळखला जाई. पूर्वी तो राजाच्याच सैन्यात शिपाई होता आणि नंतर वाटमारी करीत असे. अल्प पगारावर कुरकुरणारे सैन्य त्याच्याविरुद्ध मनापासून लढले नाही. परदेशी वकिलातींतील माणसांना इंग्रजांनी विमानांतून पेशावरला हलविले. फेब्रुवारी अखेरपर्यंत ५८६ जणांची सुटका झाली. काबूलच्या विमानतळाकडे धावणाऱ्या माणसांची चित्रे आपण २०२१ साली पाहिली. त्यांचा हा पूर्वावतार.

त्या वेळी वायव्य सरहद्दीवर इंग्रज वैमानिक दलात कर्नल लॉरेन्स टोपण नावाने चाकरी करीत होता. ही बातमी फुटताच, बंड त्यानेच घडविले अशी समजूत हिंदुस्थानात दृढ झाली. तिला पुरावा मिळालेला नाही. इंग्रजांना या राजाचे दुःख नव्हते एवढे खरे. पण रिकाम्या खजिन्याला लॉरेन्सची गरज नव्हती.

१४ जानेवारी १९२९ रोजी अमानुल्लाने थोरला भाऊ इनायतुल्ला याच्यासाठी गादी सोडली आणि मोटारीने कंदाहार गाठले. इनायतुल्लाचे राज्य तीन दिवस टिकले. कंदाहारला अमानुल्लाने राजत्याग मागे घेतला आणि वसंत ऋतूत गझनीपर्यंत चढाई केली. त्याच वेळी त्याचा मॉस्कोतील वकील गुलाम नबी रशियन मदतीने उत्तरेत मझार-ए-शरीफपर्यंत पोहोचला होता. पण गझनीजवळ गिलझाई टोळ्यांनी वाट अडविली; दुराणी आणि गिलझाई यांचे पिढीजात वैर पुन्हा जागे झाले. रक्तपात वाढविण्यापेक्षा राजाने माघार घेतली आणि २३ मे रोजी चमनच्या वाटेने तो ब्रिटिश हद्दीत आला.

मुंबईत जूनमध्ये सुरैयाला कन्या झाली. तिचे नाव इंडिया ठेवण्यात आले. दीड वर्षापूर्वी ज्या बंदरातून राजा सन्मानाने निघाला, तेथूनच हे कुटुंब निर्वासित म्हणून इटलीला गेले. काबूलात कलाकानीचे राज्य नऊ महिने चालले. ऑक्टोबरमध्ये नादिरखानाने सरहद्दीवरील टोळ्यांच्या बळावर शहर घेतले; मात्र गादी अमानुल्लाला परत न देता तो स्वतःच राजा झाला. १९३२ मध्ये त्याने गुलाम नबीला ठार केले आणि १९३३ मध्ये एका विद्यार्थ्याने नादिरशहावर गोळ्या झाडल्या.

अमानुल्लाने उरलेली तीस वर्षे बहुतांशी रोममध्ये काढली. २५ एप्रिल १९६० रोजी झुरिक येथे त्याचे निधन झाले. जन्मभूमीत परतण्याची अनुमती त्याला मेल्यानंतर मिळाली. जलालाबाद येथे, खून झालेल्या पित्याच्या शेजारी, त्याचे दफन झाले. १९६८ मध्ये सुरैयाही तेथेच विसावली. दारुल अमानचा प्रासाद पुढील यादवीत तोफांनी जर्जर झाला आणि २०१९ साली, स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या वेळी, डागडुजी होऊन पुन्हा उभा राहिला. त्यानंतर दोनच वर्षांनी काबूल तालिबानच्या हाती गेले आणि मोठ्या मुलींच्या शाळांना टाळे लागले. मुंबईत जन्मलेली राजकन्या इंडिया त्या वेळी रोममध्ये होती. २०२३ साली तेथेच तिचे निधन झाले.