विश्लेषण : जमिनीचा ताळेबंद मांडणारे कुमारप्पा कोण होते?

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना बुटीबोरीनंतर सेलडोह लागते. जे. सी. कुमारप्पांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला इथे समतोल शेतीचा प्रयोग मांडला. आश्रमाचे नाव मात्र तमिळ, पण्णै, म्हणजे शेत.

हिशेबनीस शेतीकडे कसा वळला?

जन्म १८९२ चा, तंजावरचा. लंडनमध्ये लेखापरीक्षण आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून ते परतले. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली. १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. कुमारप्पा त्याचे सचिव झाले आणि मगनवाडीत राहू लागले. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने औद्योगिक पाहणीचे काम त्यांच्याकडे दिले. त्या समितीने ६०६ गावे पाहिली.

त्यांचे म्हणणे काय होते?

कोळसा, खनिज तेल हा साठा आहे, वापरला की संपतो. ऊन, पाणी, बैल, माणसाचे श्रम हा प्रवाह आहे. साठ्यावर उभी राहिलेली व्यवस्था टिकत नाही आणि साठ्यासाठी भांडणे होतात, असे ते मांडत. इंजिनीअरिंगला शिकवतात तोच ऊर्जेचा ताळेबंद, फक्त त्यात युद्धही धरलेले.

शेतीत हा हिशेब आणखी रोकडा होतो. तेलबी गावच्या घाणीवर गाळली तर पेंड जनावराला मिळते, शेण शेतात जाते. तीच बी शहरातल्या गिरणीत गेली की जमिनीचा कसही सोबत जातो. ट्रॅक्टर शेण देत नाही, हा त्यांचा आक्षेप आज विनोदी वाटेल. पण शेणखताची ट्रॉली विकत घेणाऱ्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला तो वाटणार नाही. गिरणीसाठी पीक घ्यायचे आणि धान्य बाजारातून आणायचे, हेही त्यांना अमान्य होते. आधी गावाच्या समतोल आहाराला किती जमीन लागते ते काढा, मग उरलेल्यावर नगदी पीक घ्या. छोडो भारत चळवळीतल्या तुरुंगवासात लिहिलेले ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ याच विचाराचे.

जमीन कुणाची?

त्यांना केवळ खतापुरते आठवणे अपुरे आहे. काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. १९४९ च्या अहवालाने मध्यस्थ हटवा, जमीनधारणेला कमाल मर्यादा घाला, विधवा, अज्ञान मुले आणि अपंग यांचा अपवाद सोडून जमीन खंडाने देणे थांबवा, असे सुचवले. कमाल मर्यादेचे कायदे पुढे आले, पण पळवाटांसह.

प्रकृती ढासळल्यावर ते तमिळनाडूत परतले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले.